लातूरचा शेवटचा दम

नांदेडात अजूनही कुणाला शेषेरावाची ओळख करून द्यायची झाली की लोक एकच वाक्य बोलतात. "लातूरला ऐनवेळी ज्याचा दम तुटला, तो." बोलणारा बहुधा त्या दिवशी लातुरात नव्हताच. पुष्कळदा तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. माझ्यासमोर कुणी असं बोललं की माझं डोकं फिरतं, आणि या वयात डोकं फिरवून घ्यायचाही आता कंटाळा आलाय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, नाहीतर सोडून द्यावं.

मी रेणुकादास. निजामाच्या काळात नांदेडच्या अदालतीत नक्कलनवीस होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या फैसल्यांच्या नकला उतरवायच्या, संध्याकाळी पाठ धरून उठायचं आणि गोवर्धन घाटाच्या वरच्या अंगाला जायचं. तिथं आमचा हुतूतूचा संघ खेळायचा. मी स्वतः खेळायला अगदीच सुमार. पण पोरांना गोळा करणं, सामने ठरवणं, कुणाचा पाय मुरगळला तर तेल चोळणं ही सगळी उठाठेव माझ्याकडे असायची, त्यामुळे सगळे मलाच म्होरक्या समजत. मीही समजायचो, तिथंच चुकलं.

शेषेराव मुदखेडकडच्या एका खेड्यातला. घरची जमीन बेताची, वर दोन भाऊ. हा उर्दू सातवीपर्यंत शिकला आणि नांदेडच्या एका मोठ्या शाळेत चपराशी म्हणून लागला. घंटा द्यायची, रांजण भरायचे, हेडमास्तरांच्या खोलीबाहेर बाकावर बसायचं. राहायला जागा नाही, म्हणून शाळेच्या वऱ्हांड्यातच पथारी टाकायचा. अंगानं फाटका होता, उंचीही बेताची. पहिल्यांदा खेळायला आला तेव्हा आमचे गडी हसले होते.

मग तो दम घालायला गेला. हुतूतूत एका श्वासात 'हुतूतू' म्हणत समोरच्यांच्या पट्ट्यात शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि श्वास सुटायच्या आत आपल्या बाजूला परत यायचं. बरे बरे गडी मनातल्या मनात वीस-बावीस मोजेपर्यंत टिकत. शेषेराव चाळिसाच्या पुढे जायचा. आवाज कुठं खाली नाही, कुठं वर नाही. समोरचे त्याला पकडायचं सोडून तो कधी थांबतो याचीच वाट बघत बसायचे.

आणि बडबड किती. बाप रे. बैलाशी बोलायचा, रांजणाशी बोलायचा, शाळेच्या घंटेलासुद्धा "थांब बाई, आलो" म्हणायचा. सामन्याच्या दिवशी तर त्याच्या तोंडाची टकळी सकाळपासून सुरू. समोरच्या संघातल्या गड्यांना गाठून विचारायचा, "पाव्हणं, जेवून आलाव का? लई खाऊ नका, मी लई पळवतो." कुणाच्या मिशीवरून, कुणाच्या लंगोटीवरून काहीतरी बोलायचा. दम घालून परत आला की पुन्हा सुरू. मधल्या रेघेपर्यंत बोलतच जायचा आणि बोलता बोलताच हुतूतू सुरू करायचा. आम्हाला वाटायचं, याला भीती म्हणून ठाऊक नाही.

एकदा उदगीरला तिथल्या संघाशी किल्ल्याच्या बाजूला सामना होता. सामना सुरू व्हायच्या आधी काहीतरी द्यायला मी त्याचा हात धरला, तर हात गार, माठाला हात लावावा तसा. मी म्हटलं, "काय रे, बरं नाही का?" तो म्हणाला, "काय न्हाई दादा, जरा बोलू द्या मला." आणि गेला समोरच्यांची चेष्टा करायला. मी ते बघितलं आणि विसरलो. आता आठवून काय उपयोग?

त्याचं लग्न झालेलं होतं. बिलोलीच्या हणमंतरावांची मुलगी, तुळजाबाई. लग्नानंतर वर्षभर ती मुदखेडकडे सासरी राहिली. नवरा नांदेडला शाळेच्या वऱ्हांड्यात, आणि ही जावांच्या हाताखाली रानात राबतेय. हणमंतराव एका सणाला तिला घेऊन गेले ते परत पाठवीनात. दोन वर्षं झाली. मी त्यांना दोष देत नाही. मुलीचा बाप असतो तर मीही तेच केलं असतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, "जावयाकडं चार भिंती असू द्या, मंग पोरगी पाठवतो. वऱ्हांड्यात कुनी संसार करतं का?"

शेषेराव एरवी सगळ्या जगावर बोलायचा. तिच्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. फक्त बिलोलीकडचं कुणी अदालतीत आलं की मला हळूच विचारायचा, "हणमंतरावाकडचं काय कळलं का?" मी नाही म्हणालो की लगेच दुसरा विषय काढायचा.

१९४४ साल असेल. लातूरच्या आडत्यांनी सिद्धेश्वराच्या जत्रेत हुतूतूचे सामने ठेवले, जिंकेल त्याला चांदीची ढाल. उदगीर, परभणी, बीदर, सगळीकडचे संघ येणार होते. आमच्या शेषेरावाच्या हेडमास्तरांना खेळाचा भारी शौक. त्यांनी मला आणि शेषेरावाला बोलावून घेतलं. शाळेत ड्रिल मास्तरची जागा रिकामी होती. ते म्हणाले, "ढाल घेऊन या. मी याचं नाव वर लिहून पाठवतो. ढाल जिंकणाऱ्याला वरचे नाही म्हणणार नाहीत. मागची खोलीपण मिळेल."

मागची खोली म्हणजे शाळेच्या पिछाडीला एक दगडी खोली होती. एक दार, एक खिडकी, बाहेर चूल मांडायला जागा. बाहेर आल्यावर शेषेराव सरळ तिकडे गेला आणि दाराला कुलूप होतं म्हणून खिडकीतून बराच वेळ आत बघत राहिला. आत फुटकी बाकं रचून ठेवली होती. मला म्हणाला, "बाकं काढली तर लई मोठी हाय हो दादा."

चारच दिवसांत त्याचा सासऱ्याला निरोप गेला आणि सासऱ्याचं उत्तरही आलं. खोली मिळाली की पोरगी घेऊन जा, नाही मिळाली तर काय ते बसून मिटवू. मिटवू म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. त्यांच्या जातीत काडीमोड होते आणि बाईचा दुसरीकडे पाट लागतो. उघड रीत आहे, कुणाला त्यात लाज नाही. पण शेषेरावाचा जीव टांगणीला लागला.

आता माझ्या अकलेची गोष्ट ऐका. माझे एक काका कीर्तनकार होते. मोठं कीर्तन असलं की ते आधी एक दिवस मौन धरायचे. कुणाशी बोलणं नाही, हूं की चूं नाही. दुसऱ्या दिवशी उभे राहिले की आवाज असा लागायचा की मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या माणसालाही वाटावं, आपल्याच कानात बोलतायत. लहानपणापासून मी हे बघितलेलं. मी विचार केला, काकांना एका दिवसाच्या मौनानं एवढं होतं, तर शेषेरावाच्या दमाला आठ दिवसांच्या मौनानं किती होईल? नाहीतरी हा माणूस दिवसभर श्वास उधळत असतो. तो साठवला तर साठापर्यंत जाईल.

संघातल्या सगळ्यांना ही कल्पना इतकी पटली की कुणीच विरोध केला नाही. आमच्याकडे गवई मौन धरतात, कीर्तनकार धरतात, मग हुतूतूचं काय वेगळं? तेही तोंडानंच म्हणायचं. मी शेषेरावाला माहूरच्या देवीची शपथ घातली. हाताला हळदीचा दोरा बांधला. ढाल हातात येईपर्यंत हुतूतूशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. तो हसला, म्हणाला, "दादा, मरंल की मी." मी म्हटलं, "तुळजाबाईला आणायचंय ना?" त्यानंतर तो बोलला नाही.

पहिले दोन दिवस मजा वाटली. तो हातवारे करायचा, पोरं त्याला मुद्दाम हसवायची. तिसऱ्या दिवसापासून हातवारेही बंद झाले. नुसता बसून राहायचा. शाळेत घंटा द्यायची एकदा विसरला. सरावाला पस्तिसावर थांबला, मी म्हटलं, थकलाय. दुसऱ्या दिवशी तिसावर थांबला, मी म्हटलं, जास्त सराव नको. डोळ्यांसमोर माणूस आटत चालला होता आणि मी मौन आणखी कडक करत होतो. संघातल्या गड्यांना ताकीद दिली, त्याच्याशी कुणी बोलूसुद्धा नका, त्याचं लक्ष उडेल.

पूर्णा, परभणी, परळी करत लातूर रोडला उतरायचं आणि तिथून लातूर गाठायचं, असे आम्ही गाडीनं निघालो. डब्यात आम्ही आठ जण गप्पा मारतोय आणि हा खिडकीशी. हातातला दोरा अंगठ्यानं घासत बसलेला. त्या आठ दिवसांत त्याच्या डोक्यात काय काय चाललं असेल, याचा विचार मी आता करतो. ती खोली, ते दार, सासरा, काडीमोड, आणि हे सगळं आतल्या आत. आधी तो हेच चार लोकांत बडबडून, चेष्टा करून उडवून लावायचा. परळीच्या स्टेशनात गाडी थांबली तेव्हा त्यानं माझी बाही धरली. तोंड उघडलं. मी घाईनं ओठांवर बोट ठेवलं. त्यानं तोंड मिटलं आणि बाही सोडली.

लातूरला गर्दी तर विचारू नका. ऊन रणरणतंय, धूळ उडतेय, गंजबाजारातले हमाल, जत्रेकरू, दुकानं टाकून आलेले व्यापारी. पंच म्हणून उदगीरचे गुरुपादप्पा होते, एकेकाळचे नावाजलेले खेळाडू, आता केस पांढरे झालेले. आमचे पहिले दोन सामने कसेबसे निघाले. शेषेराव आत जायचा, एखाद्याला शिवून यायचा, पण पूर्वीची ऐट नाही. दम घालून परत आला की रेघेशी गप्प उभा. समोरचे त्याच्याकडे बघून काहीतरी बोलायचे, हा नजर खाली घालायचा. पूर्वी समोरच्यांची बोलती तो बंद करायचा.

शेवटचा सामना बीदरशी. बराच वेळ खेळ झाला, दोन्ही बाजू बरोबरीत राहिल्या. दिवस कलायला लागला तेव्हा गुरुपादप्पांनी दोन्ही म्होरक्यांना बोलावलं. म्हणाले, "एकेक दम घाला. जो शिवून परत येईल त्याची ढाल." बीदरचा गडी आधी आला, आमच्या पोरांनी त्याला हात लावू दिला नाही, रिकामा परत गेला. आता आमची पाळी. शिवून आलो की जिंकलो.

कुणाला पाठवायचं हे विचारायची गरजच नव्हती. सगळा गाव, निदान सगळं नांदेड, शेषेरावाकडेच बघत होतं. मी त्याच्याजवळ गेलो आणि, मला आजही शरम वाटते, त्याच्या कानात म्हणालो, "खोली आठव."

तो रेघेवर गेला. गुरुपादप्पांनी शिटी वाजवली. शेषेरावानं तोंड उघडलं आणि तोंडातून काही आलंच नाही. नुसती हवा. घशाची शीर ताठ झालेली दिसत होती, ओठ हलत होते. गर्दीतून कुणीतरी ओरडलं. त्यानं पुन्हा छाती भरली, एकदाचा 'हु' आला आणि तो आत शिरला. आवाज असा कोरडा की दोन पावलांवर ऐकू येईना. मी मोजत होतो. सहा, सात. सातावर आवाज फुटला, आठावर थांबला. बीदरच्या पोरांनी त्याला धरलं. धरलं म्हणजे काय, तो उभाच होता, त्यांनी नुसते हात लावले.

मी खूप सामने हरलेले बघितलेत. हरलेला माणूस चिडतो, रडतो, पंचाशी भांडतो. शेषेराव तिथंच धुळीत बसला आणि हातातला दोरा तोडायला लागला. दोरा ओला होता, तुटेना. दातानं तोडला.

आमच्या पोरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. ढालीवर ज्यांची नावं कोरली जाणार होती त्यांना राग येणारच. मी एकटा कडेला उभा होतो तेव्हा गुरुपादप्पा माझ्याकडे आले. म्हणाले, "तो तुमचा पोरगा उदगीरला आला होता ना? बडबड्या? आमच्या गड्यांचं डोकं उठवलं होतं त्यानं. आज तोंड का बांधून घेतलं होतं?"

मी मौनाचं सांगितलं. म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "यप्पा. अरे, तो भित्रा आहे. मला उदगीरलाच कळलं होतं. भितो म्हणून बोलतो, बोलला की भीती निघून जाते, मग खेळतो. तुम्ही वाटच बंद केलीत." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत मी शेषेरावाला विचारलं, "परळीला काय सांगत होतास?" तो म्हणाला, "शेवटचा दम मला देऊ नका, असं सांगत व्हतो." एवढं बोलून खिडकीकडे वळला. मला वाटलं, गाडीतून उडी टाकावी.

हेडमास्तरांनी अफसोस केला, अगदी मनापासून केला, आणि दीड महिन्यात ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. नवा ड्रिल मास्तर बायको-मुलांसह मागच्या खोलीत राहायला आला. बाकं काढायला शेषेरावच गेला होता, ते त्याचं कामच होतं.

मग बिलोलीचा निरोप आला, या आणि मिटवा. मी म्हटलं, मी येतो. माझ्यामुळे झालंय, मी हणमंतरावांना सगळं सांगतो, पाया पडतो. खोलीचं मी बघतो, माझ्या घरात मागं एक पडवी आहे, ती देतो. शेषेरावानं अडवलं नाही. एव्हाना शपथ कधीच सुटली होती, तरी त्याचं बोलणं परत आलं नव्हतं. हो-नाहीपुरतं उरलं होतं.

हणमंतरावांच्या अंगणात घोंगडं टाकलेलं होतं. गावचे चार शहाणे बसलेले. आम्हाला पाणी दिलं, गूळ दिला. मी लगेच सुरुवात केली. अदालतीत वकिलांची भाषणं ऐकून ऐकून मलाही थोडं येत होतंच. काकांचं कीर्तन, मौन, देवीची शपथ, गुरुपादप्पांचं बोलणं, सगळं सांगितलं. चूक माझी आहे, या पोराची नाही. पडवीचंही सांगितलं. चौघे माना हलवत होते. मला वाटलं, जमलं.

हणमंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाव्हणं, तुमी लई बोलून ऱ्हायलाव. पडवी हाय, चांगली गोष्ट हाय. पर मी जावयाला विचारून ऱ्हायलो." ते शेषेरावाकडे वळले. "बोल बाबा. न्यायची हाय का तुला पोरगी? तुझ्या तोंडानं सांग, आत्ता पाठवतो."

यापेक्षा सोपं आणखी काय असतं? मी शेषेरावाकडे बघितलं. तेच लातूरचं तोंड. ओठ हलतायत, घशाची शीर ताठ, आवाज नाही. तो घराच्या दाराकडे बघत होता. हणमंतरावांनी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं, तेही हळू आवाजात, समजुतीनं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कुडता घामानं चिंब झाला होता. शेवटी हणमंतराव उठले आणि म्हणाले, "त्याच्या मनात न्हाई. जबरदस्तीनं पोरगी कशाला गळ्यात बांधायची?"

वैशाखात काडीमोड झाली. चौघांसमोर गवताची काडी मोडायला फार वेळ लागत नाही. वर्षभरात उदगीरकडच्या एका बिजवराशी तुळजाबाईचा पाट लागला. शेषेरावानं दुसरं लग्न केलं नाही. घंटा देत राहिला, रांजण भरत राहिला. हुतूतूच्या मैदानाकडे पुन्हा फिरकला नाही. मीही संघ सोडला. लोक म्हणाले, मला हार सोसली नाही. म्हणोत.

तीन वर्षांनी, सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर, मी कामानिमित्त मुदखेडला होतो. जंक्शनवर गाडीची वाट बघत बसलेलो. भर दुपार. समोरच्या झाडाखाली एक बाई ट्रंकेवर बसली होती, मांडीवर मूल. ती उठून सरळ माझ्याकडे आली. "तुमीच ना ते? अंगनात लई बोलला होताव ते?"

मी उभा राहिलो. तुळजाबाईला मी त्या दिवशी पाहिलंच नव्हतं, ती दाराआड होती. मी विचारलं, बरं आहे ना? म्हणाली, बरं आहे, माणूस चांगला आहे, मारत नाही. मग मीच म्हटलं, "बाई, माझ्यामुळं तुझं…"

"तुमच्यामुळं काय?" ती एकदम चिडली. "तुमचं मौन आन् तुमचं कीर्तन, ते मी आतून समदं ऐकलं. मला त्याचं काय करायचं व्हतं? मी गाठोडं बांधून दाराशी बसले व्हते. सकाळपासून. दोन लुगडी, एक तवा, माझ्या आईनं दिलेलं पितळी भांडं. वऱ्हांड्यात ऱ्हा म्हनाले असते तरी गेले असते. एक शबुद बोलायचा व्हता त्यांनी. चल म्हनायचं व्हतं. तेबी न्हाई म्हनवलं."

गाडी आली. तिनं मुलाचं नाक पदरानं पुसलं, ट्रंक उचलली, आणि चढताना म्हणाली, "त्यांना सांगू नका. आता सांगून काय करायचं?"

मी चार दिवस विचार केला. सांगू नये, हेच बरोबर होतं. पण मला राहवेना. आपल्या छातीवरचा दगड दुसऱ्याच्या छातीवर ठेवायची माणसाला मोठी हौस असते, आणि मी काही वेगळा नाही. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर गेलो. शेषेराव वऱ्हांड्यात रांजण भरत होता. मी सगळं सांगितलं. मुदखेड, झाड, मूल, गाठोडं, तवा, पितळी भांडं.

त्यानं घागर पूर्ण ओतली. रिकामी करून खाली ठेवली. मग बऱ्याच वर्षांनी माझ्याशी एका दमात इतकं बोलला.

"मला ठावं हाय दादा. दारातून दिसत व्हतं गाठोडं. तिचा हात व्हता त्याच्यावर. हिरव्या बांगड्या व्हत्या. गाठोडं नसतं दिसलं तर मी बोललो असतो. न्हाई येनार असं वाटत व्हतं तवर घसा मोकळा व्हता मपला. ती येनार हाय, हे दिसलं, आन् मंग शबुद निघंना."